अंकलचं थांबणं

"थांब गो बाय, येईल तो." अंकल असं म्हणायचे आणि बोट वरच धरून ठेवायचे. पियानो गप. आपल्याला वाटायचं, आता हे विसरले की काय. मग हळूच तो शेवटचा सूर यायचा.

संपानंतर गिरणी बंद पडली, नवरा साकीनाक्याला कारखान्यात लागला, म्हणून आम्ही मरोळ गावठाणात अंकलच्या मागच्या खोलीत भाड्याने आलो. मी सहावी नापास, जॅझ म्हणजे काय ते मला काय ठाऊक. पण भिंत एकच ना, ऐकून ऐकून कळायला लागलं. गाणं तेच, पण काल चालत आलं तर आज लंगडत, उद्या पळत. तुम्ही ऐकलं असतं तर तुमची पण भाकरी तव्यावर करपली असती.

अंकलनी तरुणपणी मोठ्या हॉटेलांत वाजवलं, मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. शिकायला लांबून पोरं यायची. त्यातला एक दाढीवाला मला म्हणाला, "भाभी, मुंबईत जो जो जॅझ वाजवतो ना, तो अंकलचं थांबणं चोरतो."

"चोरू दे रे," अंकल आतून म्हणाले. "तू घाईत चोरतोस, म्हणून पकडला जातोस."

माझा बाबू तेव्हा वर्षाचा. रडायला लागला की श्वासच अडकायचा, ओठ निळे. डॉक्टर म्हणाले, आपोआप येतो श्वास, मोठा झाला की हे जाईल. पण मला कसं पटणार, मी किंचाळत गल्लीत धावायची. एकदा अंकलनी दारातच अडवलं. बाबूला कुशीवर निजवलं, माझा हात त्याच्या पाठीवर ठेवला. "माझा सूर येतो ना रोज? मग. थांब. येईल तो."

आला.

"अंकल, तुम्हाला भीती नाय वाटत?"

"वाटते गो. दर वेळी वाटतं, आज नाय यायचा."

त्याच वर्षी नाताळाच्या आधी अंकल गेले. पियानो त्या पोरांना देऊन गेले. पोरं न्यायला आली, सहा जणांनी उचलून गल्लीत आणला, तेवढ्यात बाबू उंबऱ्यावर आपटला. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे. शेजारीण ओरडली, "अगं कांदा हुंगव, पाणी मार." माझे पाय पळायलाच निघाले होते. मी खाली बसले, त्याला कुशीवर घेतलं, पाठीवर हात ठेवला.

"थांबा," मी म्हटलं. "येईल तो."

दाढीवाल्याने माझ्याकडे बघितलं. पियानो सहा जणांच्या हातात तसाच, खाली कोणी ठेवेना. गल्ली गप.

मग बाबू रडला, आख्ख्या गावठाणाला ऐकू जाईल असा. तेव्हा कुठे पोरांनी पियानो पुढे नेला.