तिघांत एक खातं

पासवर्ड चुकतोय असं मला आधी वाटलं. मग कीबोर्ड उलटा करून झटकला, मग टेलिफोनच्या लाइनला शिव्या घातल्या. वसईत तेव्हा काहीही बिघडलं की आधी लाइन, मग वीज, अशा क्रमाने दोष द्यायची आम्हाला सवय होती. आपलं खातं कुणीतरी जाणूनबुजून बंद केलंय, ही शक्यता माझ्या डोक्यात आली नाही. मी काय कुणाचं घोडं मारलं होतं?

हे दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं. मी गोखिवऱ्याला राहायचो, अंधेरीला नोकरीला जायचो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरच्या पडद्यावरची इंग्रजी वाक्यं मराठीत आणायचो. ज्या प्रकल्पासाठी हे चाललं होतं तो कुठल्या कंपनीचा नव्हता. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून कॉम्प्युटर चालवणारी अख्खी प्रणाली तयार करत होती आणि ती कुणालाही फुकट वापरता येत होती. कामाचं मुख्य मशीन, म्हणजे सर्व्हर, युरोपात कुठेतरी होतं. भाषांतरं त्याच्याच एका पानावर जाऊन तिथल्या तिथे टाइप करायची. हे मशीन सांभाळायला दोन ॲडमिन होते, तेही बिनपगारी, हौसेचे. त्यांच्यापैकी कुणाचं तोंड मी पाहिलं नव्हतं की आवाज ऐकला नव्हता.

मराठीचं काम आम्ही तिघं करायचो. एक मी, दुसरा आचोळ्याला राहणारा माझा ऑफिसातला मित्र आणि तिसऱ्या बाई. बाई वसई पश्चिमेच्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, त्यामुळे घरी त्यांची वेगळी बोली, चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला वेगळी मराठी आणि वर्गात तिसरीच. निवृत्त झाल्या तरी शाळा काही सुटली नव्हती. शाळेला एका कंपनीने वापरलेले कॉम्प्युटर दिले होते आणि ते एका खोलीत जुन्या चादरींखाली झाकून ठेवले होते. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ही मशीनं मराठीत बोलतील, असा शब्द बाईंनी मुख्याध्यापिका सिस्टरना दिला होता. सिस्टर म्हणाल्या, "जूनपर्यंत वाट बघते. नाही झालं तर नेहमीचं इंग्रजी टाकून घेईन. मुलांचं आणखी एक वर्ष मी वाया घालवणार नाही."

बाईंनी त्या शब्दापायी दोन वर्षं घातली. इंग्रजी वाक्याचा अर्थ मी सांगायचो, मराठी त्या करायच्या, आणि माझं मराठी बहुतेक वेळा नापास व्हायचं. एकदा पडद्यावर येणाऱ्या एका सूचनेचं मी 'बेकायदेशीर कृती घडली आहे' असं केलं. बाई म्हणाल्या, "अहो, पाचवीतलं पोर आहे ते. कॉम्प्युटर सोडून पळेल." त्यांनी लिहिलं, 'हे काम इथे करता येत नाही.' मी वाद घातला, कारण मला वाद घालायला आवडतं. पण वाक्य त्यांचंच राहिलं. कुठलंही वाक्य मुलावर डाफरता कामा नये, ही त्यांची एकच अट होती आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

आता या सगळ्यात खातं एकच होतं, माझं. पासवर्ड तिघांकडे होता. यात काही वावगं आहे असं आम्हाला कुणालाही वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते सांगायला हवं. मी गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये टेलिफोन तळमजल्यावरच्या एकाच घरी होता. आम्ही सगळे तोच नंबर सगळीकडे द्यायचो आणि पुढे 'पी.पी.' लिहायचो. शेजाऱ्यांचा फोन, आमचा निरोप. माझ्या नोकरीचं बोलावणं त्या फोनवर आलं आणि माझ्या मुलीच्या जन्माची बातमीही मी त्याच फोनवरून गावाला कळवली. एका घरातली वस्तू दहा घरांनी वापरायची असते, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. बाईंना काम करायचंय ना, मग हा घ्या पासवर्ड. त्या शाळेच्या लाइनवरून आत जायच्या, मित्र ऑफिसातून आणि मी घरून.

तिकडे ॲडमिनला काय दिसलं असेल, ते मला फार नंतर समजलं. एकाच माणसाचं खातं एकाच दिवशी तीन ठिकाणांहून उघडतंय. म्हणजे चोर शिरला. त्याने खातं बंद केलं, सोबत कारण सांगणारी मेलही धाडली. पण कुठे धाडली? प्रकल्पाने मला दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता त्याच खात्यातला. खातं का बंद झालं याचं उत्तर बंद खात्याच्या आत पडून होतं.

मी ॲडमिनच्या पत्त्यावर माझ्या खासगी मेलवरून लिहिलं. आदरणीय महोदय, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे, इथपासून सुरुवात. उलट टपाली यंत्राचं उत्तर आलं: तक्रार तक्रारींच्या पानावर नोंदवा. त्या पानावर गेलो तर ते म्हणालं, आधी खात्यात शिरा. मी कपाळावर हात मारला. मित्राने प्रकल्पातल्या सगळ्यांना मेल जाते त्या सामायिक यादीवर विचारून पाहिलं, तर कुणीतरी तिसऱ्यानेच त्याला झापलं की खात्यांच्या तक्रारी इथे आणायच्या नाहीत.

माझा स्वभाव कसा, तर कुठलंही घोडं अडलं की मी उठून तिथे जातो. वीज मंडळ असो, नगरपरिषद असो, खिडकीसमोर उभं राहायचं. साहेब जेवायला गेले तर ते जेवून येईपर्यंत थांबायचं. वेळ पडली तर आवाज चढवायचा. इथे खिडकीच नव्हती. आवाज चढवायचा तर कुणावर? मला इतकं हतबल कधी वाटलं नव्हतं. बायको म्हणायची, "दोन ओळींचं उत्तर आलं की तुमचं जेवणात लक्ष नसतं आणि नाही आलं तरी नसतं. मग नेमकं काय यायला हवंय?"

मित्राने शेवटी एक वाट काढली. ॲडमिन लोक रविवारी एका चॅटच्या खोलीत भेटतात म्हणाला. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. मी जेवण सोडून बसलो आणि खरंच एकजण भेटला. मी माझी कहाणी सांगितली. तो म्हणाला, थांब, बघतो. मी थांबलो. तेवढ्यात आमच्याकडचे दिवे गेले. भारनियमनाचं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं, पण त्या दिवशी मंडळाला ते नव्हतं. वीज आली तोवर तो निघून गेला होता. त्याच्या दृष्टीने, मदत मागणारा माणूसच मध्येच उठून गेला होता.

पुढच्या रविवारी तोच भेटला. त्याने सरळ विचारलं, हे खातं किती जण वापरतात? मी खरं तेच सांगितलं. तीन. वर पी.पी. फोनची सगळी पद्धत समजावली, शेजारी, निरोप, सगळं. मला वाटलं, आता त्याच्या लक्षात येईल की चोरी नाही, घरचीच माणसं आहेत. मी खुलासा करत होतो आणि तो कबुलीजबाब वाचत होता. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. असं असेल तर हे खातं पुन्हा उघडता येणार नाही, तिघांनी वेगवेगळे अर्ज करावेत आणि त्यांना मराठीच्या समन्वयकाची मंजुरी जोडावी.

मराठीचा समन्वयक मी होतो. मंजुरी द्यायची तर खात्यात शिरायला हवं होतं.

हे मी त्याला लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. मग मित्राने लिहिलं. कधीतरी कळलं की दोघांपैकी एक ॲडमिन काम सोडून गेलाय आणि उरलेला अधूनमधून उगवतो. दाद ना फिर्याद. बरं, त्याच्यावर मनासारखं चिडताही येईना, कारण त्याच वर्षी मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बिनपगारी. रविवारी मी चॅटच्या खोलीत त्याची वाट बघत बसलेला असायचो तेव्हा माझ्या दाराची बेल वाजायची. एकदा चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ रिकामी बादली घेऊनच आले.

"सेक्रेटरी साहेब, टँकर कधी येणार तेवढं बोला. बाकी भाषण नको."

मी म्हणालो, "तक्रार वहीत लिहून ठेवा."

"वही कुठंय?"

"ऑफिसात. ऑफिस संध्याकाळी उघडतं."

ते रिकामी बादली हलवत जिना चढून गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना माझं मलाच कसंतरी झालं, पण टँकरवाला माझा फोन उचलत नव्हता, त्याला मी तरी काय करणार होतो.

बाईंना यातलं काही समजावणं हे आणखी एक संकट. "त्यांना फोन करा ना," त्या म्हणाल्या. फोन नंबर नाही, मी म्हणालो. "मग वरच्या साहेबाला सांगा." वर कुणी साहेब नाही. "मग शाळा चालते कशी त्यांची?" बाईंची सगळी वाक्यं त्या सर्व्हरवर होती, कारण त्या तिथेच टाइप करायच्या. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती ती पहिल्या वर्षातली, अर्धीमुर्धी. नवी आवृत्ती निघायची तारीख ठरलेली होती आणि तिच्या आधी वाक्यं तपासून, मंजूर करून पुढे सरकवायला हवी होती. तो शेवटचा शिक्का मारणारा समन्वयकच बाहेर उभा होता.

तारखेच्या आठवड्यात बाईंनी स्वतः पत्र लिहिलं. शाळेतल्या पत्रांसारखं, सुवाच्य इंग्रजीत. मी कोण, माझी शाळा कुठली, मुलं कुठल्या घरांतून येतात. पासवर्ड आम्ही वाटून घेतला कारण एकमेकांवर विश्वास होता, आणि तुमच्याकडे ती चूक असेल तर तिची शिक्षा मला द्या, वाक्यांना देऊ नका. मी ते जसंच्या तसं टाइप करून पाठवलं.

तारीख गेली. नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात मराठी नव्हती. जूनमध्ये शाळा उघडली. सिस्टरनी थोडी वाट पाहिली, मग एक माणूस बोलावून सगळ्या मशीनवर नेहमीचं इंग्रजी टाकून घेतलं. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. बाईंनी मला ते फोनवर सांगितलं, हवापाणी सांगावं तसं, आणि मीही "बरं" म्हणालो.

ॲडमिनची मेल आली तेव्हा गणपती होऊन गेले होते. त्याने लिहिलेली ती सगळ्यात लांब मेल. त्याने नोकरी बदलली होती, घर बदललं होतं, बरेच महिने त्याला मशीनकडे बघताच आलं नव्हतं. शिक्षिकेचं पत्र आपण आत्ता वाचलं, म्हणाला. तिघांना तीन खाती उघडून दिलीत, शिक्षिकेच्या नावाचंही स्वतंत्र दिलंय. तुम्हाला इतकं थांबावं लागलं याचं वाईट वाटतं. मी एवढे महिने राग साठवून ठेवला होता आणि आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. मी मेल कागदावर छापून घेतली आणि शनिवारी शाळेत गेलो.

कॉम्प्युटरच्या खोलीत तास चालू होता. एकेका मशीनसमोर तीन-तीन मुलं. कुणीतरी बटण दाबलं की पडद्यावर इंग्रजी चौकट यायची आणि हात वर व्हायचा. "बाई, हे काय म्हणतंय?" बाई जाऊन वाकायच्या, चष्म्यातून बघायच्या आणि मराठीत सांगायच्या. 'आधीचं काम जतन केलेलं नाही. करायचं का?' पोर मान डोलवून बटण दाबायचं. तोवर दुसऱ्या टोकाला हात वर झालेला असायचा. 'या नावाची फाइल आधीच आहे. दुसरं नाव दे.' एकेक वाक्य मला ओळखीचं होतं. यातल्या कितीतरी वाक्यांवरून आम्ही भांडलो होतो.

मी दिसल्यावर त्या दाराशी आल्या. "उघडलं खातं?"

"उघडलं. तुमच्या नावाचं वेगळं आहे."

त्यांनी कागद घेतला, उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचला. "बिचारा," त्या म्हणाल्या. "घर बदलणं काही सोपं नसतं." कागदाची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली, कारण मागे तीन हात वर झाले होते.

मी दाराशीच थांबलो. तास संपेपर्यंत बाईंचा घसा बसला होता. बाहेर व्हरांड्यात पुढच्या वर्गाची रांग लागली होती.