बोटावरची चिंधी

क्लिफर्ड गारसाइडनं आयुष्यभर एकच काम केलं. त्यानं पुतळ्यांचे सांधे मिटवले. शिल्पकार मातीत पुतळा घडवतो, त्याचा साचा काढतात, साच्यातून मेणाचा पुतळा करतात, आणि मेण वितळून गेलं की त्याच्या जागी ब्राँझ ओततात. पण ओततात ते तुकड्यातुकड्यांनी. डोकं वेगळं, हात वेगळे, कोटाचा घेर वेगळा. मग ते तुकडे वेल्डिंगनं जोडायचे आणि कानस, छिन्नी घेऊन जोड असा घालवायचा, की पुतळा आईच्या पोटातून तसाच आला असं वाटावं. उत्तर इंग्लंडच्या कितीतरी चौकांत क्लिफच्या हाताखालून गेलेले महापौर, फुटबॉलपटू आणि घोडे उभे आहेत. खाली नाव शिल्पकाराचं असतं. त्याचं क्लिफला काडीचं वाईट वाटत नसे. "माझा हात दिसला तर माझं काम फुकट गेलं," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना छाती अशी फुगवायचा की बटणं तुटतील.

त्यांच्या फाउंड्रीत एक रिवाज होता. पुतळा ट्रकवर चढण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटून त्याच्यावरून हात फिरवायचा. ज्याला वेल्डिंगचा वण सापडेल, त्याला क्लिफनं बियर पाजायची. मेण सारखं करणारी मेव्हिस तर हात धुऊन त्याच्या मागे लागलेली.

"तू घरी बसायच्या आत एकदा तरी मी तुझ्या पैशानं पिणार आहे, क्लिफ!"

"तहानलेलीच मरशील, बाई."

आजवर त्याच्यावर पाजायची पाळी आली नव्हती. आता हातात शेवटचा पुतळा होता. तेवढा बिनवणाचा गेला की क्लिफ घरी जाऊन टोमॅटो लावायला मोकळा.

पुतळा हेसलविक बंदरासाठी होता. हेरिंग मासे चिरणारी तरुण मुलगी, हातात आखूड सुरी, बाह्या वर सरकवलेल्या. शिल्पकार रोवेना ट्वेडलनं तो बंदरावरच्या जुन्या शेडमध्ये, लोखंडी सांगाड्यावर माती थापून, नुसत्या अंगठ्यांनी घडवला होता. अंगठ्यांचे ठसे मुलीच्या एप्रनवर तसेच ठेवले होते. कामाबरोबर तिनं बंदरावरच्या अशा मुलींचे जुने फोटोही पाठवले होते. क्लिफनं ते चहाच्या डब्याखाली सरकवून दिले. "मी धातू बघतो, फोटो नाही," ही त्याची नेहमीची ऐट.

ऐटीनंच घात केला. डाव्या हाताच्या बोटांभोवती बारीक उंचवटे होते. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे मेणावर असाच उंचवटा राहतो, आणि त्याची रेघ ब्राँझमध्येही उतरते. मेव्हिस विसरली वाटतं, असं मनाशी म्हणत क्लिफनं पहिलं बोट घासून लोण्यासारखं गुळगुळीत केलं. दुसऱ्या बोटाला कानस लावणार, तोच रोवेना आत आली.

"क्लिफ, हिची चिंधी कुठे गेली?"

"कसली चिंधी?"

रोवेनानं डब्याखालचे फोटो काढून त्याच्यापुढे धरले. प्रत्येक मुलीच्या प्रत्येक बोटाला कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. सुरी निसटली तर बोट वाचावं आणि कापलंच तर मीठ झोंबू नये म्हणून. क्लिफनं घासली ती त्या पट्टीची कडा होती.

"मला वाटलं साच्याची रेघ," क्लिफ म्हणाला.

"फोटो पाहिले नव्हते?"

"नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हात पुन्हा ओतायला वेळच नव्हता. अनावरण एल्स्पेथ रेनीच्या हातून व्हायचं होतं. बंदरावर मासे चिरण्याचं काम केलेली ती शेवटची बाई, नव्वदी ओलांडलेली. तिला थांबा म्हणायची कुणाची छाती होती?

क्लिफनं चष्मा चढवला, वेल्डिंग पेटवलं आणि बोटाभोवती वितळत्या ब्राँझचं एक कडं फिरवलं. मग सवयीनं कानस उचलली. रोवेनानं त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

"अगं, कच्चा वण आहे हा! घासायचाय अजून."

"कापडाची कडा अशीच असते. जरा वाकडी, जरा जाड."

"पोरी, माझा शेवटचा पुतळा आहे. त्याच्यावर उघडा वण ठेवू? लोक काय म्हणतील?"

"लोक हिच्याकडे बघायला येणार आहेत, तुमच्याकडे नाही."

हे बोलणं त्याला लागलं, कारण ते खरं होतं. त्यानं कानस खाली ठेवली. त्यासाठी त्याला किती जोर लावावा लागला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ट्रक आला. मेव्हिसनं डोळे मिटून पुतळा चाचपला. त्या बोटापाशी ती थांबली. "ही चिंधी. मीच नीट केली होती मेणात," असं म्हणत ती पुढे गेली. शेवटी हात झटकून म्हणाली, "जिंकलास मेल्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लिफला मात्र त्या टाळ्या गोड लागल्या नाहीत.

हेसलविकला वारा सुटला होता. एल्स्पेथनं चाकांच्या खुर्चीतून दोरी ओढली, कापड खाली आलं आणि तिनं सगळ्यांआधी मुलीचा हात हातात घेतला. एकेक बोट चाचपलं. पहिल्या बोटावर तिचा अंगठा थबकला.

"बाकीच्या चिंध्या नुसत्या गुंडाळल्यात," ती रोवेनाला मोठ्यानं म्हणाली. "ही बांधलीय. माझी आई माझ्या चिंध्या दातांनी ओढून बांधायची, म्हणून कड अशी वर यायची. हिला कुणीतरी मायेनं बांधून दिलीय गं."

आणि ते बोट तिनं सोडलंच नाही. भाषणं चालू होती तरी धरूनच बसली. रोवेनानं गर्दीत क्लिफला शोधलं आणि नुसती मान डोलावली. क्लिफचे डोळे भरून आले आणि छाती फुगली, पण या वेळी वेगळ्याच कारणानं.

"मेव्हिस, चल. बियर माझ्याकडून."

"ऊन लागलं का रे तुला? मी हरले होते."

"ते बोट. तो वण आहे. माझा."

मेव्हिस गर्दीतून वाट काढत पुतळ्यापाशी गेली, डोळे मिटून बोट चाचपलं आणि परत आली.

"खोटारड्या. चिंधीच आहे ती."

"वण आहे म्हणतो ना!" क्लिफ एवढ्यानं ओरडला की महापौरबाईंचं भाषण थांबलं. "माझा आहे तो! माझ्या हातचा!"