शाळेच्या साइटवर नसलेली खूण

रत्नागिरीतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी शिकवते. मुलं वसतिगृहात राहून हातांनी बोलायला शिकतात, आणि सुट्टीत घरी गेली की तिथे त्यांच्याशी बोलायला कोणी नसतं. आई हाका मारते, मूल तिच्या तोंडाकडे बघत राहतं. म्हणून मी आयांसाठी छोटे छोटे व्हिडिओ केले आणि शाळेच्या वेबसाइटवर चढवले. भाताची पेज, मासळी, काजू, एसटी, पोटात दुखतं, आंघोळ कर, अशा रोजच्या खुणा. माझेच हात, माझंच तोंड, मागे शाळेची भिंत. दिसते मी त्यात भयंकर, पण बायका बघून बघून शिकल्या. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

मेची सुट्टी लागली आणि मला दुर्बुद्धी सुचली. साइटचं सॉफ्टवेअर कधीपासून ‘अपडेट करा, अपडेट करा’ म्हणून मागे लागलं होतं. म्हटलं, आता शाळेत कोणी नाही, उरकून टाकू. दाबलं बटण. सगळं नीट झाल्याचा संदेश आला आणि मी घरी आंबे पिकत घालायला मोकळी झाले.

मग राजापूरकडच्या एका गावातून आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. “बाई, व्हिडिओ दिसत नाय ओ. नुसता पांढरा चौकोन येतो.”

मी लॅपटॉपवर बघितलं. सगळे व्हिडिओ झकास चालू. “अगं, चाललेत की! तुझ्याकडे रेंज नसेल.”

“रेंज हाय बाई. बाकी सगळं दिसतंय.”

“मग फोन बंद करून चालू कर.”

तिने केला. पुन्हा चौकोन, पुन्हा मला फोन. मी जरा चिडलेच. आंब्यांचा चीक लागलेल्या हातांनी किती वेळा फोन उचलायचा माणसाने? त्यावर ती हळूच म्हणाली, “रागावू नका बाई. पण मला आजच पायजे ओ.”

तिचा आवाज ऐकून माझा राग उतरला. यजमानांचा मोबाइल घेतला आणि त्यावर साइट उघडली. पांढरा चौकोन! कपाळ माझं! माझ्या लॅपटॉपवर मी पासवर्ड टाकून साइटच्या आत शिरलेली होते, म्हणून मला एकटीलाच सगळं दिसत होतं. आमचे व्हिडिओ ठेवलेले दुसऱ्या साइटवर, आणि नव्या सॉफ्टवेअरने बाहेरून येणारं सगळं अडवून धरलं होतं. सुरक्षेसाठी म्हणे. माझ्या पेजेच्या खुणेने कोणाचं काय वाकडं होणार होतं, देव जाणे.

सेटिंगमध्ये शोधत शोधत ती परवानगी सापडली, दिली. तरी मोबाइलवर चौकोन तसाच, कारण साइटने जुनं पान साठवून ठेवलेलं. तेही पुसलं, तेव्हा कुठे माझे हात हलायला लागले. लगेच तिला फोन केला. “बघ आता.”

तिने एकेक करून सगळे उघडून बघितले. मग म्हणाली, “दिसतात बाई सगळे. पण आजोबा वारले, हे कसं सांगायचं, ते कुठे हाय?”

ते नव्हतंच. इतक्या खुणा केल्या, पण मरणाची केली नव्हती. घरात ती लागेल हे सुचलंच नाही, की सुचलं आणि मी टाळलं, मला आजही सांगता येत नाही.

तिचे सासरे फेब्रुवारीत गेले होते. पोरीची परीक्षा जवळ आलेली, कशाला तिला त्रास, म्हणून घरच्यांनी तिला कळवलं नाही, आम्हालाही नाही. ती सुट्टीला येणार म्हटल्यावर आजोबांचा फोटो कपाटात ठेवून दिला. पोर आली, घरभर हिंडली, काजूच्या बागेत जाऊन आली. मग तिने आपल्या मनानेच ठरवलं की आजोबा बाबांकडे मुंबईला गेले असणार. मुंबईची गाडी यायच्या वेळेला ती रोज थांब्यावर जाऊन बसत होती. लांबून बघणाऱ्या आईचा जीव तुटत होता.

“व्हिडिओ कॉल लाव. मी सांगते तिला,” मी म्हटलं.

“नको बाई. मी आई हाय तिची. मलाच सांगू दे.”

मग व्हिडिओ कॉलवर मी तिला ती खूण शिकवली. मी पुन्हा दाखवायची, ती पुन्हा करायची. शिकवताना मला रडू आवरेना, आणि तीच मला म्हणाली, “बाई, रडू नका, मला नीट दिसत नाय मग.”

संध्याकाळी तिने एक व्हिडिओ पाठवला. थांब्याच्या कट्ट्यावर बसलेली मुलगी, सुजलेले डोळे, आणि भरभर चालणारे हात. खाली आईने लिहिलं होतं, ‘सांगितलं. खूप रडली. आता सारखं हेच करते. मला कळत नाय. काय म्हणते बाई?’

मला पहिल्यांदा बघतानाच कळलं होतं. तरी पुन्हा बघितलं, काही वेगळं निघतंय का म्हणून. थोडं मऊ करून लिहावं असं फार वाटलं. त्या बाईने आधीच काय कमी सोसलं होतं? पण इतके महिने सगळ्यांनी मिळून या पोरीपासून लपवलं होतं. आता तिचं बोलणंही मी बदलायचं? मी जसंच्या तसं लिहिलं आणि पाठवलं.

‘आजोबा मेले, तेव्हा मला का नाही बोलावलं?’