ताई पोहोचेपर्यंत केर काढायचा नाही

ताई नर्स म्हणून लंडनला निघाली तेव्हा मी आठवीत होते आणि चाळभर मिरवत होते. अंधेरीला मरोळच्या आमच्या चाळीवरून दिवसभर विमानं जायची, पण आत आपलं माणूस बसलंय असं पहिल्यांदाच होणार होतं.

आठवडाभर मला दुसरं काही सुचेना. शाळेच्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत गजऱ्याचा दोरा ताणला, पट्टीवर मोजला, मैल काढले. साडेचार हजारांच्या आसपास. विमानाच्या वेगानं भागलं, वाटेतला एक थांबा धरला, तर दहा तास आले. तिकिटावर मात्र निघायची वेळ सकाळी आठ आणि पोहोचायची दुपारी एक होती. म्हणजे पाचच तास. मी दोऱ्याला दोष देऊन मोकळी झाले. छापलेलं कसं चुकेल?

हा आकडा माझ्याहून आईला जास्त हवा होता. आमच्या मालवणी घरात कुणी प्रवासाला निघालं की ते माणूस सुखरूप पोहोचेपर्यंत केर काढत नाहीत. कुणी एसटीनं गावी गेलं तर किती वेळ थांबायचं हे आईला पाठ होतं. आकाशातून जाणाऱ्यांचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"पाच तास," मी ऐटीत सांगितलं.

त्या दिवशी शाळेला दांडी मारून मी गॅलरीत उभी राहिले. आठनंतर पहिलं जे विमान वर चढलं ते ताईचंच, असं ठरवून टॉवेल हलवला. एकाच्या ठोक्याला मी ओरडले, "पोचली!" आईनं देवापुढे साखर ठेवली, पदर खोचला आणि सगळं घर लख्ख झाडून काढलं.

दोन वाजता शेजारचे काका पेढा मागायला आले. जन्मभर बोटीवर खलाशी होते. माझा हिशेब ऐकून ते हसायलाच लागले. "अगो, ता घड्याळ तिकडचा. तिकडे एक वाजतत तेवा आपल्याकडे साडेसा. आमी बोटीर घड्याळा मागे करीत जाव."

आई मटकन खाली बसली. "माजा चेडू अजून वर आसा, आणि मियां केर काडलंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई उठली, डब्यातला केर सुपलीत घेतला आणि चारी कोपऱ्यांत पुन्हा पसरला. काका तोंड उघडून बघत राहिले. मग माझ्यासमोर नकाशा ठेवून ती म्हणाली, "दाखव, आता खंय असतला ता?"

साडेसहापर्यंत आम्ही त्या केरात बसून होतो. मी बोट सरकवत होते, आई एकेका देशाचं नाव विचारत होती, आणि आपणही उडतोय असं मला खरंच वाटत होतं. बोट लंडनला टेकलं तेव्हा दारात जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई मात्र या खेपेला तार आल्याशिवाय ऐकायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. मी मोठ्यानं वाचली: सुखरूप पोहोचले. आईनं दोनदा वाचून घेतली आणि झाडू उचलला. दोन पावलं गेली आणि तशीच थांबली. केरात ताईचे विंचरलेले केस होते, तिच्या बॅगेच्या सुतळीचा तुकडा होता.

"रवांदे आजच्या दिवस," ती म्हणाली, आणि झाडू दारामागे ठेवला.