चिंचेनं घासलेलं जॅकेट

१० जानेवारी, शनिवार. संक्रांत तोंडावर होती, म्हणून दुपारी तांब्या-पितळेची भांडी काढून बसले होते. वाडग्यात चिंच भिजत घातलेली, हातात नारळाचा काथ्या. तांब्याचा घडा घासून उपडा घातला आणि समोर दोरीवर मुलीचं जॅकेट दिसलं.

सेबर या तलवारीच्या खेळात कमरेच्या वर कुठेही वार लागला तरी पॉइंट मिळतो. तो लागला हे कळावं म्हणून अंगावर धातूच्या तारेनं विणलेलं जॅकेट घालतात. तलवार टेकली की वायरीतून वीज जाते आणि मशीनवरचा दिवा पेटतो. तिचं जॅकेट पोटापाशी आणि काखेत घामानं काळं-हिरवं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी अंधेरीला निवड चाचणी. हा मळ घड्यावरच्या मळासारखाच, असं मला वाटलं. चिंच लावली, काथ्यानं घासलं, धुतलं, वाळत टाकलं. घड्यासारखंच लखलखलं. मुलगी क्लबमध्ये होती. संध्याकाळी मी घडी करून तिच्या बॅगेत ठेवलं.

चाचणीवर काय अवलंबून होतं ते सांगते. पहिल्या चौघी राज्य स्पर्धेला जाणार. सतरा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, जूनपासून बारावी. अट मीच घातली होती: निवड झाली तर खेळ चालू, नाहीतर सोमवारी बारावीच्या क्लासला फोन. ती 'ओके' म्हणाली होती.

तिचा हात चांगला आहे. अडचण डोक्याची. सेबरमध्ये एक पॉइंट दोन सेकंदांत संपतो. एक चुकीचा गेला की ती चिडते आणि पुढचे तीन देऊन मोकळी होते. मी घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्त काढते, वीस वर्षं झाली. शीर चुकली की काय करायचं ते मला माहीत आहे. दंडाचा पट्टा सोडायचा, मूठ उघडायला लावायची, थांबायचं. तशीच दुसरी सुई टोचली की हात काळानिळा होतो. हे मी तिला इतक्यांदा ऐकवलं होतं की ती मला 'पट्टा सोड मॅडम' म्हणायची.

रविवारी ती पहिल्या फेऱ्या जिंकली. शेवटच्या आठांत आली. पंधरा पॉइंटची ही लढत जिंकली की चौघींत. सहा-चार पुढे होती.

समोरच्या मुलीचा वार तिच्या पोटावर लागला. आवाज मलाही ऐकू आला, पण दिवा लागला नाही. आमच्या मुलीचा परतीचा वार लागला, तिचा दिवा पेटला. सात-चार. समोरची मुलगी ओरडली, "सर, माझा आधी लागला! लाइट का नाही?"

रेफरीनं समोरच्या मुलीची तलवार मागून घेतली आणि आमच्या मुलीच्या पोटावर टेकवली. दिवा नाही. काखेत टेकवली. नाही. खांद्यावर टेकवली, पेटला.

कठड्यापाशी उभे असलेले त्या मुलीचे वडील म्हणाले, "बघा! जॅकेट मुद्दाम बिघडवून आणलंय. चीटिंग आहे ही सरळसरळ!"

मुलीनं मास्क वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. "आई, जॅकेटला काय केलंस?"

खोटं बोलता आलं असतं. जुनं झालंय म्हटलं असतं तर खपलंही असतं. पण तो माणूस सगळ्या हॉलसमोर तिला चोर म्हणत होता.

"चिंचेनं घासलं," मी म्हणाले. "मीच. काल. तिला माहीत नव्हतं."

"चिंचेनं?" रेफरी.

"आणि काथ्यानं."

पाठीमागचा सगळा बाक हसला. मुलगी हसली नाही. घासण्यानं जॅकेटच्या बारीक तारा तुटल्या होत्या. ताकीद म्हणून पिवळं कार्ड मिळालं, तो पॉइंट रद्द झाला, जॅकेट बदलायला थोडा वेळ दिला. आमच्याकडे दुसरं नव्हतं. बोरिवलीची एक मुलगी आधीच हरून वेफर्स खात बसली होती. तिनं स्वतःचं जॅकेट काढून दिलं. "घे गं, माझी तर वाट लागलीच आहे. काकू, फक्त याला चटणी लावू नका."

ते दोन मापं मोठं होतं. पुढचे चार पॉइंट मुलीनं बघता बघता घालवले. सहा-आठ. कोणाचेही आठ झाले की एक मिनिटाची विश्रांती असते. तिचे सर दुसऱ्या लढतीपाशी अडकले होते. त्यांनी तिथूनच हात केला, "ताई, तुम्ही जा!"

मी पाण्याची बाटली घेऊन गेले. "पट्टा सोड," म्हणाले. "मूठ उघड. श्वास घे. ते वडील काय बोलतात तिकडे—"

"आई, तू बोलू नको."

"अगं, मी फक्त—"

"बोलू नको ना. प्लीज."

मग मला माझाच हात दिसला. प्लास्टिकची बाटली मी इतकी आवळली होती की ती चेपून पाणी माझ्या चपलेवर सांडत होतं. वीस वर्षांत कुठल्या पेशंटपुढे माझा हात असा झाला नव्हता. मी बाटली खाली ठेवली आणि गप्प उभी राहिले. अर्ध्या मिनिटानं तिनं ग्लव्ह काढला, बोटं मोकळी केली, परत घातला. माझ्याकडे न बघता गेली.

त्यानंतर ती प्रत्येक पॉइंटनंतर चालत रेषेवर परत आली. पळत नाही, चालत. पॉइंट गेला तरी तेवढंच चालली. नऊ-दहा. बारा-बारा. चौदा-चौदा.

शेवटी दोघी एकदमच धावल्या, दोन्ही दिवे पेटले. अशा वेळी हल्ला आधी कोणाचा हे रेफरी ठरवतो. तो क्षणभर थांबला. हात समोरच्या मुलीच्या बाजूनं वर गेला.

तिनं मास्क काढला, तलवारीनं सलाम केला, जाऊन हात मिळवला. पूर्वी ती अशा वेळी मास्क आपटायची. मग बॅगांच्या ढिगामागे जाऊन जमिनीवर बसली आणि त्या मोठ्या जॅकेटची कॉलर दातांत धरली. मी जवळ गेले नाही. तिला नको होते मी. ते वाया गेलेले चार पॉइंट मी मनात मोजत राहिले. अजून मोजते.

मुलुंडला घरी पोहोचल्यावर ती सरळ आत जाऊन झोपली. जेवलीही नाही.

सोमवारी सकाळी मी लॅबला उशिरा येते म्हणून कळवलं. बोरिवलीच्या मुलीच्या आईला फोन लावला. "जॅकेट धुऊन परत करायचंय. कसं धुता?" त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. कोमट पाणी, चमचाभर सौम्य साबण, घासायचं नाही, पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं. मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि बादली भरली.

मुलगी बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"क्लासला फोन केलास?"

"नाही."

"का?"

"हात ओले आहेत," मी म्हणाले, आणि जॅकेट हळूच पाण्यात दाबलं.