नववी गझल फक्त दुबईत

किस्से साठवायला काही वेगळं करावं लागत नाही. चार माणसं एकाच गोष्टीवर चिडलेली असली की बास, आपोआप साठत जातात.

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी नवीन जालन्यात, भागवतच्या मेव्हण्याच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत गाणी ऐकायला जमतो. भागवत केदारखेड्याचा शेतकरी, कापूस आणि मका. खोलीतला अॅम्प्लिफायर त्याचा, स्पीकरही त्याचेच. अंजली बँकेत आहे. मुळेकाका अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून रिटायर झाले. आणि मी बियाण्यांच्या कंपनीत.

जमतो गाणी ऐकायला, पण अर्धा वेळ शिव्या देण्यातच जातो. गायकांना नाही, कंपन्यांना! अल्बम सगळीकडे विकायचा आणि त्यातलं एक गाणं काढून एकाच दुकानाला द्यायचं, ही अक्कल ज्या कोणाची, त्याला आम्ही शोधून राह्यलो. त्या गाण्याला म्हणतात बोनस ट्रॅक. आणि ते दुकान जालन्यात कधीच नसतं. कधीच!

*

भागवतला कव्वालीचं वेड. एका नव्या अल्बमची जाहिरात त्यानं पाहिली, ‘अमुक दुकानातून घ्या, एक कव्वाली जास्त मिळवा.’ त्या दुकानाची शाखा संभाजीनगरच्या मॉलमध्ये. गडी कापूस वेचणी सोडून मोटारसायकलवर गेला, सीडी घेऊन आला. लावली, तर जास्तीची कव्वाली नाहीच!

पुढच्या रविवारी मला मागं बसवलं आणि पुन्हा तिथंच. मॅनेजर मोठा गोड बोलणारा. म्हणाला, “सर, बोनस ट्रॅकवाला स्टॉक फक्त मेट्रो सिटीला दिलाय.”

“मेट्रो म्हंजे?”

“मुंबई, दिल्ली, बंगळूर...”

“अन आमाला काय म्हंतेत?”

मॅनेजरनं कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. “तुम्ही टियर थ्रीमध्ये येता, सर.”

भागवतला शब्द कळला नाही, पण अपमान बराबर कळला. काउंटरवर दोन्ही हात टेकवून तो म्हणाला, “साहेब, मी तुमाला मक्याचं पोतं देतो. अन सांगतो, याच्यातली चार कणसं फक्त मुंबईवाल्यानं खायची. चालंल का?”

दुकानातले सगळे हसले. मॅनेजरही हसला. भागवत हसला नाही.

*

अंजलीचं प्रकरण पिनकोडचं.

तिला इंग्लिश बँड आवडतात. एका बँडचा अल्बम ऑनलाइन विकायला आला, एका वेबसाइटच्या आवृत्तीत दोन गाणी जास्त. तिनं जालन्याचा पिनकोड टाकला. उत्तर आलं, ‘ही आवृत्ती आपल्या भागात उपलब्ध नाही.’ त्याच वेबसाइटनं आदल्या आठवड्यात तिच्या घरी फ्रिज आणून दिलेला! फ्रिज तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, आणि हाताएवढं पाकीट येत नाही?

तिनं पुण्याच्या भावाचा पत्ता दिला. भाऊ दिवाळीला आला तेव्हा पाकीट घेऊन आला. आत सीडी होती आणि एक कार्ड होतं. कार्डावरचा कोड टाकायचा, मग ती दोन गाणी डाउनलोड होणार. कोड टाकला. मुदत संपलेली!

अंजलीनं तिथंच कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, बोनस म्हणजे गिफ्ट असतं. गिफ्टबद्दल कंप्लेंट घेता येत नाही.”

अंजलीचा आवाज एकदम बँकेच्या काउंटरवरचा झाला. “असं होय? उद्या तुमच्या खात्यात दिवाळीचा बोनस जमा झाला आणि मी तो परस्पर काढून घेतला, तर तुम्ही गिफ्ट म्हणून सोडून द्याल का?”

मग ती मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, आम्हाला बोनस देतच नाहीत हो.”

अंजलीनं फोन ठेवला. आता चिडायचं तरी कोणावर?

*

मुळेकाका शांत माणूस. आयुष्यभर साखरेचे नमुने तपासले, कधी आवाज चढला नाही. पण एका सतारवादकाच्या अल्बमनं त्यांचंही डोकं फिरवलं. राग तेच, कव्हर तेच, फक्त तीन दुकानांना शेवटची धून वेगवेगळी दिलेली. काकांनी तिन्ही सीडी मागवल्या.

काकूंनी टेबलावर तीन सारखी पाकिटं पाहिली. “हे तिन्ही एकच न्हाई का?”

“नाही, शेवटची धून वेगळी आहे.”

“अन बाकीचं?”

“बाकीचं तेच.”

काकूंचं सगळं आयुष्य कारखान्याच्या कॉलनीत गेलेलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे उसाची एक कांडी पाहिजे म्हणून तुम्ही अख्खी मोळी उचलून आणली. तीनदा!”

काकांना हे फारच लागलं. त्यांनी कंपनीला ईमेल लिहिला, चांगला दीड पानी. कलेचा अपमान, रसिकांची लूट, सगळं त्यात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. काका खुश होऊन चष्मा लावून वाचायला बसले.

‘आपण आमचे खास ग्राहक आहात. आपल्याला कळवण्यास आनंद होतो की, चौथ्या दुकानाच्या आवृत्तीचं बुकिंग सुरू झालं आहे.’

त्या दिवशी काकूंनी काकांचा मोबाइल कपाटात ठेवला आणि बीपीची गोळी काढून दिली.

*

दुकानं परवडली, पण ही अॅपवाली जमात! एका गायिकेच्या अल्बममधलं शेवटचं गाणं फक्त एका मोबाइल कंपनीच्या अॅपवर आलं. ऐकायचं तर सिमकार्डही त्याच कंपनीचं पाहिजे. भागवतनं तेही घेतलं. पण केदारखेड्यात त्या कंपनीला रेंजच न्हाई. गावभर फोन हातात धरून फिरला आणि शेवटी रेंज सापडली ती स्वतःच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर उभं राहिल्यावर.

कानात इयरफोन घालून हा टाकीवर डोळे मिटून उभा. खालून आई ओरडली, “भागवत, तिथं काय करून राह्यला रे?”

“गाणं ऐकून राह्यलो!”

मुखडा झाला. अंतरा सुरू झाला. गायिकेनं जागा घेतली, भागवतची मान हलली, आणि गाणं बंद! स्क्रीनवर आलं, ‘पुढे ऐकण्यासाठी प्लॅन बदला.’

भागवतनं ते सिम काढलं आणि उभ्या उभ्या टाकीत फेकलं.

आई खालून बघतच होती. “आरं, त्याच टाकीतलं पाणी आपुन पितो ना!”

*

माझं स्वतःचंही सांगतो. आमच्या ऑफिसात नवा मार्केटिंगवाला आला. टाय वगैरे. मीटिंगमध्ये उठून म्हणाला, “आपण एक स्पेशल पाकीट काढू. आत जास्तीचं बियाणं. पण फक्त निवडक डीलरकडे. लोक धावत येतील.”

बाकीचे माना हलवत होते. माझ्या डोळ्यासमोर टाकीवरचा भागवत, अंजलीचं कार्ड, काकांची तीन पाकिटं. मी उभा राहिलो आणि काय काय बोललो ते मला पूर्ण आठवतही नाही. टेबलावर हात आपटलेला आठवतो. “लोकांना धावायला लावायचं? कशाला? काय गुन्हा केलाय त्यांनी?” असं काहीतरी.

साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

“घरी सगळं ठीक आहे ना?”

*

आता रशीदचाचांचं.

जुन्या जालन्यात रशीदचाचा सारंगी वाजवायचे. पोटापाण्याला शिलाईचं दुकान, पण कुठं मैफल असली की सारंगी खांद्याला लटकवून निघायचे. आमच्या खोलीवर कधीमधी यायचे. आम्ही आवाज मोठा केला की बोलायचे, “आहिस्ता रे, उसकू सांस तो लेने दो.”

एकदा एका मोठ्या गझल गायकानं त्यांना कुठंतरी ऐकलं आणि मुंबईला रेकॉर्डिंगला बोलावलं. चाचा जाऊन आले. येताना आमच्यासाठी पेढे आणले. “नौवी गझल में हूँ मैं,” असं सांगताना त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झालेला.

अल्बम यायच्या आधीच चाचा गेले. झोपेतच.

अल्बम आला त्या रविवारी आम्ही चाचींना खोलीवर बोलावलं. जिना चढायला त्यांना त्रास होतो, भागवतनं हात धरून आणलं. चांगली खुर्ची दिली. सीडी लावली. चाची मांडीवर हात ठेवून, ओढणी सावरून बसल्या. एक गझल झाली, दुसरी झाली. प्रत्येक वेळी त्या माझ्याकडं बघायच्या, मी मानेनं ‘अजून नाही’ म्हणायचो.

आठवी संपली. आणि मशीन थांबलं.

चाची वाट बघत बसलेल्या. भागवत उठला, मशीन उघडलं, सीडी पुसली, पुन्हा लावली. आठच! मग कव्हर उलटंपालटं केलं. अंजली तोवर मोबाइलवर शोधत होती. तिचा चेहरा उतरला. नववी गझल फक्त दुबईतल्या एका दुकानांच्या साखळीसाठी ठेवलेली होती. तिथल्या सीडीत आहे, बाकी कुठंच नाही.

हे चाचींना सांगायचं कोणी? शेवटी मुळेकाकांनी सांगितलं.

चाचींना आधी नीट कळलंच नाही. “दुबई में? इनों तो बंबई के आगे कब्बी गएच नै.”

मग आमची धावपळ. काकांचा भाचा दुबईत आहे. तो दुकानात जाऊन आला, माल संपलेला आणि पुन्हा काढणार नाही म्हणे. एका दुपारी कोणीतरी ती गझल इंटरनेटवर टाकल्याचं अंजलीला दिसलं. भागवत रिक्षा घेऊन चाचींना आणायला पळाला. त्यांना घेऊन जिना चढेपर्यंत कंपनीनं ती काढून टाकली! चाचींनी धापा टाकत कोऱ्या स्क्रीनकडं पाह्यलं. मी कंपनीला लिहिलं की, वाजवणाऱ्याची बायको आहे, तिला एकदा ऐकवा, बाकी काही नको. उत्तर आलं, कराराच्या अटींमुळे शक्य नाही. त्या दिवशी भागवतनं ज्या शिव्या दिल्या, त्या मला इथं लिहिता येत नाहीत. काकांनी त्याला थांबवलं नाही. उलट एक-दोन आठवून दिल्या.

मागच्या हिवाळ्यात तो गायक जालन्यात आला. व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं कार्यक्रम ठेवलेला. आम्ही लवकर जाऊन पुढची रांग धरली आणि चाचींना मधोमध बसवलं.

चार-पाच गझला झाल्या. टाळ्या थांबायच्या आत भागवत उठून उभा राह्यला. “साहेब, नववी म्हणा!”

गायकानं बाजूला पाहिलं. विंगेत काळा शर्ट घातलेला कंपनीचा माणूस उभा होता. त्यानं बोट हलवून नाही म्हटलं.

“भाईसाहब,” गायक माइकमध्ये म्हणाला, “वो गझल करार में बंधी है. मैं स्टेज पर नहीं गा सकता.”

“ज्यानं त्याच्यात सारंगी वाजवली ना, त्याची बायको हाय ही!” भागवतचा आवाज फाटला. “तिनं अजून ऐकली न्हाई! दुबईवाल्यानं ऐकली, तिनं न्हाई!”

मागून कोणीतरी ‘बसा खाली’ ओरडलं. अंजली वळून त्याला म्हणाली, “तुम्हीच बसा गप!”

गायक उठला आणि स्टेजच्या कडेपर्यंत आला. “रशीदभाई के घर से?”

चाचींनी मान हलवली.

“माफ करना, भाभी.” तो खाली बघून बोलला. “मेरे पास भी नहीं है वो सीडी. मुझे भी नहीं दी.”

चाची भागवतच्या दंडाला धरून उभ्या राहिल्या. आणि गुणगुणायला लागल्या. शब्द नव्हते. बारीक, थरथरता आवाज, पण सूर पक्का. वर जायचा, एका जागी थांबायचा, तिथून घसरत खाली यायचा. आम्हाला कळलं, ही गझल नाही, ही चाचांची सारंगी आहे.

गायक तिथंच उभा. मग मागं फिरला, पेटीपाशी बसला आणि डोळे मिटून हळूच सूर धरला. तबलेवाल्यानं हात ठेवला. चाची थांबल्या की पेटी थांबायची, चाची निघाल्या की मागून निघायची. भागवत चाचींना धरून उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्यानं ते पुसलं नाही.

तेवढ्यात काळा शर्टवाला विंगेतून धावत स्टेजवर आला. माइकवर हात ठेवून ओरडला, “बंद करो! बंद करो! ये ट्रॅक एक्सक्लूसिव है!”

चाची थांबल्या. त्याच्याकडं वळून पाहिलं.

“कौनसा ट्रॅक, बेटा? ये तो मेरे बावर्चीखाने में रोज बजता था.”