हिरव्या अंड्याची वाट

"अनिल, तुजी आक्का गेली रे," भावोजी फोनवर म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "कोंबड्यांक काय घालू?" मला त्यांचा भयंकर राग आला. बायको खुर्चीत बसल्या बसल्या गेली आणि ह्या माणसाला कोंबड्यांचं पडलंय... दादरहून डिलाईल रोडला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. खोलीत शिरलो तर भावोजी मागच्या दारात, तांदळाच्या कण्यांचं डबडं हातात धरून नुसते उभे होते. किती घालायच्या, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते खातं आक्काचं होतं.

आक्का माझी थोरली बहीण. बालवाडीत शिकवून निवृत्त झाली आणि चाळीच्या तळमजल्यावर, खोलीमागच्या चिंचोळ्या जागेत जाळी ठोकून तिने कोंबड्या पाळल्या. आधी हौस होती, मग नाद लागला. गावठी कोंबडी थोडी अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे उबवायला बसते ती बसतेच. तोवर नवं अंडं नाही. म्हणून आक्काने गावठी कोंबड्यांत पोल्ट्रीतल्या जातीचा कोंबडा सोडला. त्यांच्या लेकी जवळजवळ रोज तपकिरी अंडी घालायला लागल्या, पण त्यांना बसणं ठाऊक नाही. अंडं घातलं की चालू पडायच्या. मग काळी नावाची एक अस्सल गावठी तिने मुद्दाम राखली. अंडी कुणाचीही असोत, उबवायची काळीने. "काळी म्हणजे तुझी बालवाडीच की," असं मी चिडवायचो, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

पुढे शीव कोळीवाड्यातल्या एका ओळखीच्या पक्षीवाल्याने तिला करड्या पिसांचा एक तरणा कोंबडा दिला. तो म्हणे निळ्या अंड्यातून निघालेला. आक्का हरखून गेली. आधीचा कोंबडा तिने देऊन टाकला. निळ्या वंशाचा बाप आणि तपकिरी अंड्यांची आई असली तर लेकी हिरवी अंडी घालतात, सगळ्या नाही, पण घालतात, असं ती चाळभर सांगत सुटली. अख्ख्या चाळीने तिची थट्टा केली, त्यात मी पहिला. तो पक्षीवाला फसवतोय, असंही मी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "कोंबड्याकडे बघान काय कळतला? तेची चेडवां अंडी घालूक लागली की कळतला." पहिल्या खेपेच्या लेकींनी तपकिरीच अंडी दिली. ती हिरमुसली, पण तिने दुसरी खेप धरायचं ठरवलं.

तेवढ्यात भावोजींच्या हृदयाचं दुखणं निघालं. ते इस्पितळात असताना आक्काने गावच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, कोंबड्याचा नवस बोलला. आमच्याकडे ही रीत जुनी आहे आणि कुठलाही धडधाकट कोंबडा चालतो. भावोजी बरे होऊन घरी आले, आणि आक्का करड्याला टोपलीत घालून गावी जायला निघाली. मी म्हटलं, अगं, बाजारातून एक विकत घे ना, देव काय अंड्याचा रंग विचारणार आहे? तिने टोपलीचं तोंड फडक्याने बांधलं. "मियां बोल्लंय तेव्हा ह्योच माझ्या डोळ्यासमोर हुतो. आता दुसऱ्याक पुढे करू?" निघण्याआधी त्याच्या वेळची शेवटची अंडी तिने काळीखाली ठेवली होती. त्यातून निघालेले नर, आरवून शेजाऱ्यांची झोपमोड करतील म्हणून, नेहमीसारखे वाटून टाकले. तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, तेवढ्या ठेवल्या. त्या अंड्यावर यायच्या आत आक्काच गेली.

मला देवाचा राग आला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तिने तिची सगळ्यात लाडकी गोष्ट दिली, आणि तिला स्वतःलाच... भावोजी तर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. तेराव्यानंतर ते म्हणाले, कोंबड्या देऊन टाकूया, माझ्याने बघवत नाही. मी म्हटलं, तलंगा घालायला लागेपर्यंत थांबा. मी हे आक्कासाठी म्हणालो की तो पक्षीवाला खोटा ठरावा म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात भावोजींनी बोलावलं. भुशाच्या खोक्यात अंडं होतं. हिरवं, कच्च्या चिंचेच्या आतल्या गरासारखं. भावोजींनी ते उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. मग मला रडू फुटलं आणि भावोजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं तर मी त्यांच्या पाठीवर ठेवायला हवा होता.

परवा पुन्हा गेलो, तर काळी खुडूक होऊन कोपऱ्यात बसलेली. भावोजींनी तिला जरा उचलून दाखवलं. पोटाखाली ते एकच हिरवं अंडं होतं. घरात कोंबडा नाही. त्यातून काही निघणार नाही, हे डिलाईल रोडवरचं शेंबडं पोरही सांगेल. तरी मी चाचरत म्हटलं, "भावोजी, हे..."

"माका म्हायत हा रे," ते म्हणाले. "पण ह्या फोडून खावचा कसा?"

त्यांनी काळीला अलगद परत बसवलं आणि डबड्यातून मूठभर कण्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. आता त्यांना नेमक्या किती घालायच्या ते कळतं.